पिंक: तिच्या कारकिर्दीबद्दल आमच्या क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात पाश्चात्त्य गायन आणि गिटार शिकवते, आणि ज्या गायिकेबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं ती पिंक. मुली विचारतात, त्यांच्या आया विचारतात, घ्यायला आलेले आजोबाही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय. माझं मत आधीच सांगते: पिंकचं बंड तिच्या केसांच्या रंगात किंवा शिव्यांमध्ये शोधू नका. आपण काय गायचं हे आपण ठरवणार, या एका गोष्टीवर ती अडून बसली आणि मग त्या हट्टाला शोभेल एवढी मेहनत तिने केली. ती मला फार मोलाची वाटते ती याचसाठी.

पिंक हे तिचं खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव अलीशा बेथ मूर. जन्म 8 सप्टेंबर 1979, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं डॉइल्सटाउन, फिलाडेल्फियाजवळ. आई नर्स, वडील व्हिएतनामच्या युद्धात लढलेले. ते घरी गिटार घेऊन गायचे. युद्धावर असताना त्यांनी एक गाणं लिहिलं होतं. पुढे 2006 च्या अल्बममध्ये बापलेकीने ते एकत्र गायलं. लहानपणी तिला दमा होता. आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले, आणि ते दुखणं पुढे तिच्या एका फार गाजलेल्या गाण्यात आलं.

नाव घेतलं ते 'रिझर्वॉयर डॉग्ज' या चित्रपटातल्या मिस्टर पिंक या पात्रावरून. इंग्रजीत लिहिताना 'i' या अक्षराच्या जागी ती उद्गारचिन्ह टाकते.

ती पहिल्यापासून रॉकच गायची का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर ऐकून मुली चकित होतात. नाही. नव्वदच्या दशकात ती तीन मुलींच्या 'चॉइस' नावाच्या ग्रुपमध्ये होती. अटलांटाच्या 'लाफेस' या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं. ग्रुप चालला नाही, पण कंपनीचे प्रमुख एल. ए. रीड यांनी तिला एकटीला गाण्याची संधी दिली.

2000 साली पहिला अल्बम आला, 'कान्ट टेक मी होम'. गुलाबी केस आणि पूर्ण आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) बाज. ताल कॉम्प्युटरवर बांधलेला, आवाज गुळगुळीत केलेला, त्या वर्षीच्या रेडिओवर चपखल बसणारा. तो चालला. त्यातली दोन गाणी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेली. 2001 मध्ये क्रिस्टिना अग्विलेरा, लिल किम आणि माया यांच्यासोबत गायलेलं 'लेडी मार्मलेड' तर थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि त्याला ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला.

म्हणजे विशीतल्या मुलीला जे हवं असतं ते सगळं हातात होतं. तिला मात्र ते आपलं वाटत नव्हतं.

मग 2001 मध्ये नेमकं काय झालं?

इथे थोडं थांबून वाचा, कारण तिची सगळी कारकीर्द या वळणावर उभी आहे.

पिंक लहानपणापासून 'फोर नॉन ब्लॉन्ड्स' या बँडची चाहती होती. त्या बँडची गायिका लिंडा पेरी. बँड नव्वदच्या दशकातच मोडला होता आणि पेरी तेव्हा कुणाच्या यादीत नव्हती. पिंकला तिचा फोन नंबर मेकअप करणाऱ्या व्यक्तीच्या वहीत सापडला. तिने फोन केला, भलामोठा निरोप ठेवला आणि पिच्छा पुरवला. शेवटी दोघी पेरीच्या घरच्या स्टुडिओत बसल्या आणि गाणी लिहायला लागल्या.

कंपनीच्या दृष्टीने हे वेडेपण होतं. पहिला अल्बम खपलाय, श्रोता ठरलाय, चेहरा ठरलाय. मग मोडलेल्या बँडच्या बाईबरोबर गिटारची गाणी कशाला? पिंक हटली नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये 'मिसअंडरस्टूड' आला. जगभर त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

त्यात काय होतं ते बघा. 'गेट द पार्टी स्टार्टेड' हे नाचाचं गाणं पेरीने एकटीने लिहिलेलं. पण त्याच्या शेजारीच 'फॅमिली पोर्ट्रेट' होतं, ज्यात एक लहान मुलगी आईवडिलांना भांडू नका म्हणून विनवते. व्हिएतनामचा उल्लेख घेऊन वडिलांच्या युद्धाशी स्वतःच्या घरातली लढाई जोडणारं गाणं होतं. 'डोन्ट लेट मी गेट मी' या गाण्यात तर तिने एल. ए. रीड यांचं नाव घेऊन आपल्याला बदलायला निघालेल्या कंपनीबद्दल उघड सांगितलं, आणि ते गाणं त्यांच्याच कंपनीने बाजारात आणलं. मला या अल्बममध्ये सर्वांत मोठं धाडस त्या नावात दिसत नाही, 'फॅमिली पोर्ट्रेट'मध्ये दिसतं. मालकावर रागावणं त्या मानाने सोपं असतं. घरातलं दुःख, घरातली माणसं हयात असताना, चारचौघांत नीट सुरात गाणं कठीण.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं का?

नाही, आणि हे कुणी सांगत नाही. 2003 चा 'ट्राय धिस' तिने 'रॅन्सिड' या पंक बँडच्या टिम आर्मस्ट्राँगबरोबर केला. आधीच्या अल्बमच्या तुलनेत तो फारच कमी खपला. त्यातल्या 'ट्रबल' गाण्याला मात्र 2004 मध्ये उत्कृष्ट रॉक गायिकेचा ग्रॅमी मिळाला. म्हणजे ज्या अल्बममध्ये लोकांनी तिला जवळजवळ सोडलं, त्याच अल्बमने ती रॉक गायिका आहे हे कागदावर आणलं.

मग 2006 मध्ये 'आय ॲम नॉट डेड'. त्यातलं 'हू न्यू' अमेरिकेत पहिल्यांदा आलं तेव्हा फारसं कुणी वाजवलं नाही. पुढच्या वर्षी परत आणलं आणि ते पहिल्या दहांत गेलं. गाणं तेच, आवाज तोच. माझ्या विद्यार्थिनी पहिल्या व्हिडिओला पाहणारे मिळाले नाहीत म्हणून रडतात तेव्हा मी त्यांना हे गाणं ऐकवते.

ऑस्ट्रेलियाने तिला त्या काळात जे प्रेम दिलं ते अमेरिकेनेही दिलं नव्हतं. 2009 च्या दौऱ्यात तिने तिथे 58 कार्यक्रम केले, त्यातले 17 एकट्या मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनात. आणि अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक? तो थेट 2012 मध्ये, 'द ट्रुथ अबाउट लव्ह'ला. पहिल्या अल्बमनंतर बारा वर्षांनी.

तिची गाणी राजकीय असतात का?

काही असतात. 2006 च्याच अल्बममध्ये 'डिअर मिस्टर प्रेसिडेंट' आहे, इंडिगो गर्ल्स या जोडीबरोबर गायलेलं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना उद्देशून. बेघर माणसं, युद्धात मुलं गमावलेल्या आया, समलिंगी लेकरांचे बाप, यांच्याबद्दल ती थेट प्रश्न विचारते. ड्रम नाहीत, आरडाओरडा नाही, फक्त गिटार आणि तीन आवाज. नागपूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, सत्तेतल्या माणसाचं नाव घेऊन भर रस्त्यात जाब विचारतात, आणि अख्खं शहर ते बघायला इतवारीत उभं असतं. पिंकचं ते गाणं त्याच जातीचं आहे, फक्त ती हळू आवाजात विचारते.

गाण्याबाहेरही ती बोलते. 2021 मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून सामना खेळला म्हणून त्यांना 1500 युरो दंड झाला, तेव्हा तो दंड मी भरते असं तिने जाहीर केलं. 2023 मध्ये फ्लोरिडातल्या तिच्या कार्यक्रमांत, तिथल्या शाळांतून हटवलेल्या पुस्तकांच्या 2000 प्रती प्रेक्षकांना वाटल्या.

"पोरगी बिघडन त नाही न ताई?"

हा प्रश्न मी जसा ऐकते तसाच लिहिलाय. त्यात काळजी असते, म्हणून मी तो कधी हसण्यावारी नेत नाही.

खरं ते सांगते. पिंक किशोरवयात घरातून बाहेर पडली, नशेत अडकली, आणि सोळाव्या वर्षी नशेच्या अतिरेकाने मरता मरता वाचली. हे तिनेच मुलाखतींत सांगितलं आहे. काही गाण्यांत शिव्या आहेत. लपवण्यात अर्थ नाही, कारण तुमच्या मुलीच्या मोबाइलवर हे सगळं आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. 2017 च्या एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक पुरस्कारांत तिने भाषण केलं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीने, विलोने, आपण कुरूप आहोत, लांब केसांच्या मुलासारख्या दिसतो असं तिला सांगितलं होतं. आईने काय केलं? मायकल जॅक्सन, डेव्हिड बोवी, फ्रेडी मर्क्युरी, ॲनी लेनॉक्स, जॅनिस जॉप्लिन अशा कलाकारांची चित्रं जमवून तिला दाखवली. लोकांनी त्यांचीही टर उडवली होती आणि तरी ते आपल्या मनाप्रमाणे जगले, गायले, हे तिला सांगितलं. रंग, बांधा, केस यावरून आपल्याकडे मुलींना किती ऐकावं लागतं हे तुम्हाला मी काय सांगणार. ते भाषण आईने आणि मुलीने एकत्र बसून ऐकावं असं मला मनापासून वाटतं. आठवीच्या खालच्या मुलींना मी कोणती गाणी देते ते शेवटच्या उत्तरात आहे.

हवेत उलटी लटकून ती खरंच गाते, की रेकॉर्डिंग लावतात?

गाते. लहानपणी ती जिम्नॅस्टिक्स करायची. पुढे ड्रेया वेबर या प्रशिक्षिकेबरोबर तिने छतापासून सोडलेल्या कापडी पट्ट्यांवरच्या कसरतींचा कसून सराव केला. 31 जानेवारी 2010 च्या ग्रॅमी समारंभात 'ग्लिटर इन द एअर' गाताना ती पाण्यात भिजून, प्रेक्षकांच्या डोक्यावर गरगर फिरत होती आणि सूर जागचा हलला नाही. 2017 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका उंच हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर दोरांना बांधून घेऊन ती गायली.

मल्लखांब करणाऱ्या मुलींना यातली मेख लगेच कळते. उलटं लटकलं की पोटातल्या अवयवांचं वजन श्वासपटलावर येतं. श्वास घेणं जड होतं, आणि तोल सांभाळायला पोटाचे स्नायू आवळलेले असतात, नेमके तेच स्नायू गाताना श्वास आवरून सोडायला लागतात. दोन्ही कामं एकाच वेळी करून घ्यायची म्हणजे वर्षानुवर्षांचा रियाज हवा.

धोका खरा असतो. जुलै 2010 मध्ये जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला तिचा सुरक्षापट्टा नीट अडकला नव्हता आणि ती मंचावरून खाली लोखंडी कठड्यावर फेकली गेली. त्यानंतरही तिने हे सोडलं नाही. कृपा करून घरी पंख्याच्या हुकाला ओढणी बांधून काहीही करून पाहू नका.

तिचा आवाज खरखरीत कसा? तसं गायलं तर गळा बसेल का?

चुकीच्या पद्धतीने गायलं तर हमखास बसेल. पिंकचा मूळ आवाज खालच्या पट्टीतला आणि भरदार आहे. खरखर ती सगळीकडे वापरत नाही. ओळीच्या शेवटी, एखाद्या शब्दावर, चढत्या स्वराच्या तोंडाशी वापरते आणि लगेच स्वच्छ स्वरावर परत येते. मुली ऐकताना फक्त खरखर ऐकतात आणि पहिल्या ओळीपासून गळा आवळून गातात. दोन गाण्यांत आवाज जातो.

माझा नियम असा: गाणं आधी पूर्ण स्वच्छ आवाजात बसलं पाहिजे, तेही तुमच्या पट्टीत. काळी चार जमत असेल तर काळी चार, उगाच मूळ रेकॉर्डिंगच्या मागे लागू नका. गिटारला कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) लावा किंवा कराओके ट्रॅकची पट्टी बदला. महिनाभर तसं गायल्यावर एखाद्या शब्दावर धार आणायला मी शिकवते. दुखलं की थांबायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, कूलर आवाज करत असतो आणि त्यावर मात करायला आपण ओरडून गातो. त्या दिवसांत सकाळी लवकर रियाज करा, कूलर बंद ठेवा, पाणी थोडं थोडं पीत राहा. क्लासला येऊन लगेच बर्फाचा गोळा खाऊन गायला बसणं मी चालू देत नाही.

ती गाणी स्वतः लिहिते का?

बहुतेक गाण्यांत तिचा हात असतो, पण एकटीचा क्वचितच. तिला सोबत बसून लिहायला आवडतं. 'जस्ट गिव्ह मी अ रीझन' गायक नेट रूस आणि संगीत निर्माता जेफ भास्कर यांच्याबरोबर लिहिताना तिला जाणवलं की हे एका माणसाचं बोलणं नाही, दोघांचं आहे. रूस गायला तयार नव्हता. तिने त्याला तयार केलं, आणि 2013 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. नवरा-बायकोच्या अबोल्यावर इतकं नेमकं गाणं पॉपमध्ये मला दुसरं सापडलेलं नाही.

संसाराचं काय?

2006 मध्ये तिने मोटोक्रॉसपटू केरी हार्टशी लग्न केलं. मागणी तिने घातली होती, तीही त्याची शर्यत चालू असताना हातात फलक धरून. 2008 मध्ये दोघं वेगळे झाले. त्या रागावर तिने 'सो व्हॉट' लिहिलं आणि त्याच्याच व्हिडिओत नवऱ्याला घेतलं. नंतर पुन्हा एकत्र आले. 2011 मध्ये विलो आणि 2016 मध्ये जेमसन झाला. दौऱ्यावर ती मुलांना सोबत नेते.

पुरस्कार आणि आकडे?

ग्रॅमी तीन. 2019 मध्ये ब्रिट पुरस्कारांत संगीतातल्या योगदानाचा सन्मान. 2018-19 च्या 'ब्युटिफुल ट्रॉमा' दौऱ्याची कमाई सुमारे 39.7 कोटी डॉलर. चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोन मुलांच्या आईने, दोरांवर लटकून ती कमावली. गायिकेचं वय झालं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

आपल्याकडे अशी कोणी झाली का?

उषा उत्थुप. जाड आवाज म्हणून शाळेत संगीताच्या वर्गात जागा मिळाली नाही. 1969 मध्ये चेन्नईच्या एका नाइट क्लबमध्ये कांजीवरम नेसून, कपाळाला ठसठशीत टिकली लावून गायला लागल्या. तिथे त्या काळी अशी गायिका कुणी पाहिली नव्हती. 1980 च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्याने सरकारी सभागृहांत त्यांना गायला मनाई केली, तर त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 2024 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पिंक आणि उषाताई यांची गाणी वेगळी, देश वेगळे, पण आवाज बदलायला दोघींनीही नकार दिला. क्लासमध्ये मी दोघींना एकाच आठवड्यात शिकवते.

नागपुरात अशी गाणी गायला जागा कुठे आहे?

आहे, पण शोधावी लागते. आपल्या शहरात गाण्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. सायंटिफिक सभागृह किंवा वसंतराव देशपांडे सभागृहात वर्षभर काही ना काही चालू असतं, पण ते बहुतेक जुनी हिंदी गाणी, नाट्यसंगीत, भावगीतं, गझल. मला ते सगळं प्रिय आहे. तरी सतरा वर्षांच्या मुलीला गिटार घेऊन इंग्रजी रॉक गायचं असेल तर तिला कॉलेजचं गॅदरिंग, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या 'आरोही'सारखे महोत्सव आणि धरमपेठेकडचे कॅफे यांच्यावरच अवलंबून राहावं लागतं. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: तीन तासांच्या कार्यक्रमात अशा एका मुलीला दहा मिनिटं द्या. आणि साउंडवाल्या दादांना सांगा, मुलगी गाते म्हणून इको वाढवू नका.

सुरुवात कोणत्या गाण्यांपासून करावी?

लहान मुलींना 'कव्हर मी इन सनशाइन'. 2021 मध्ये पिंकने ते विलोबरोबर गायलंय, पट्टी सोपी आहे आणि एकही शब्द खटकत नाही. त्यानंतर 'व्हॉट अबाउट अस', मग 'ट्राय'. 'फॅमिली पोर्ट्रेट' मी नववी-दहावीच्या आधी देत नाही. घरात तणाव असलेल्या मुलीला ते गाताना भरून येतं, आणि तेव्हा शेजारी मोठं माणूस असावं लागतं. ऐकायला अल्बम घ्यायचा तर पहिला 'मिसअंडरस्टूड' घ्या, तो शेवटपर्यंत ऐका, मग 2000 चा अल्बम लावा. उलट्या क्रमाने ऐकलं की तिने काय सोडलं ते कानाला कळतं. शिवी असलेल्या गाण्यांची रेडिओसाठी काढलेली स्वच्छ आवृत्ती बहुतेक वेळा मिळते. गॅदरिंगसाठी सगळ्यांत जास्त मागितलं जाणारं 2010 चं गाणं नुसत्या 'परफेक्ट' या नावाने शोधा. शाळेत तेच गायचं.